सोळा स्वभाव, छत्तीस गुण

आमच्या चुलतभावाचं लग्न ठरतंय. दोघं एकमेकांना पसंत आहेत आणि पत्रिका बघायची नाही, असं दोन्ही घरांनी आधीच सांगून टाकलंय. मग ताईने सुचवलं की साखरपुड्याआधी दोघांनी एक व्यक्तिमत्त्व चाचणी द्यावी, मी घेते. ताई हिंजवडीतल्या एका कंपनीत प्रशिक्षण विभागात आहे. अशा चाचण्या घेण्याचं रीतसर शिक्षण तिने घेतलंय आणि सुट्टीच्या दिवशी ती जोडप्यांसाठी कार्यशाळा घेते. आत्याची सगळी नोकरी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात गेली. तिला ही कल्पना मुळीच रुचली नाही. दोघींचं त्यावर जे बोलणं झालं ते इथे देतोय, कारण हा प्रश्न आता आमच्या एका घरापुरता राहिलेला नाही. नोकरीत रुजू होताना, समुपदेशकाकडे, डेटिंग अ‍ॅपवर स्वतःची ओळख लिहिताना, सगळीकडे हल्ली 'आयएनएफजे', 'ईएनटीपी' अशी चार-चार अक्षरं भेटतात.

आत्या : पत्रिका नको म्हणून या घराने केवढा वाद घातला! आणि आता तिच्या जागी ही दुसरी आणायची? तिथे छत्तीस गुण, इथे सोळा स्वभाव.

ताई : पत्रिकेत त्या मुलीला कुणी काही विचारतं का? जन्मवेळ कळली की झालं. इथे ती स्वतः सांगते, मी कशाने थकते, कशाने खुलते, निर्णय कसा घेते. आणि आम्ही गुण जुळवत नाही. कुठल्याही प्रकाराच्या माणसाचं कुठल्याही प्रकाराच्या माणसाशी नीट जमू शकतं, हे मी सुरुवातीलाच सांगते.

आत्या : तू सांगतेस. ऐकणारा काय ऐकतो ते बघ. माझा गण राक्षस. अष्टकूटात गणाला सहा गुण असतात. दोन स्थळं तेवढ्यावरून परत गेली, मला न बघता. त्याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते घरातल्या बोलण्याचं. मी जरा आवाज चढवला की आई म्हणायची, गणच तसा तिचा. म्हणजे मी कशावर चिडलेय, हे विचारायची गरजच संपली. भावाला पुढे शिकायला पुण्याला पाठवता आणि मला का नाही, यावर मी भांडत होते. उत्तर मिळायचं नक्षत्राचं.

आत्याचं हे म्हणणं मला पुढच्या सगळ्या आकडेवारीपेक्षा मोलाचं वाटतं. पण आकडेवारीही हवी आणि त्याआधी या चाचणीची हकिगतही.

कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाचा स्वभावप्रकारांवरचा ग्रंथ १९२१ साली जर्मन भाषेत आला, दोन वर्षांनी इंग्रजीत. अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी विभागणी आज आपण सहज करतो, ती त्याच्यामुळे. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज नावाच्या बाईंनी तो वाचला. त्या मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. त्यांच्या मुलीने, इझाबेलने, लग्न केलं आणि हा जावई आपल्या घरातल्या कुणासारखाच नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून त्या स्वतःच स्वभावांचे प्रकार पाडत होत्या. युंगचा ग्रंथ हाती आल्यावर त्यांनी त्याची मांडणी स्वीकारली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत कामाला लागल्या. कुणाला कोणतं काम मानवेल हे ठरवायला मदत व्हावी म्हणून इझाबेल मायर्सने प्रश्नावली रचायला घेतली. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने ती १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. एमबीटीआय म्हणतात ती हीच. माणसांत राहून उत्साह येतो की एकटं राहून. भिस्त हाती असलेल्या तपशिलावर की सुचणाऱ्या शक्यतांवर. निर्णय तर्काने की माणसांकडे बघून. वागणं आधी ठरवून की वेळ येईल तसं. चार जोड्या, प्रत्येकीतून एक अक्षर, मिळून सोळा प्रकार.

आत्या : सासूला जावई कळावा म्हणून सुरू झालेलं काम आहे, हे मला आवडतं. हेतूबद्दल माझी तक्रारच नाही. तक्रार आहे ती रेघेबद्दल. हजार माणसांना विचारलंस तर अगदी बहिर्मुख थोडे, अगदी अंतर्मुख थोडे, आणि बाकी सगळे मधे. घंटेसारखा एकच वक्र येतो, दोन वेगळे उंचवटे येत नाहीत. त्या वक्राच्या ऐन मधे, जिथे सगळ्यांत जास्त माणसं आहेत, तिथे तुम्ही रेघ मारता. रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा यांच्यात केसाएवढा फरक, तरी त्यांची अक्षरं वेगळी. आणि पलीकडेच पार टोकाला असलेला माणूस, त्याचं अक्षर मात्र याच्यासारखं. पस्तीसला पास आणि चौतीसला नापास करावं लागतं, कारण कुणाला तरी पुढच्या वर्गात घालायचं असतं. इथे कुणाला कुठे घालायचंय?

ताई : मी अक्षरासोबत आकडाही दाखवते.

आत्या : घरी जाताना लोक काय घेऊन जातात, आकडा की अक्षर?

ताई : अक्षर.

आत्या : आणि ते अक्षरही टिकत नाही. तीच चाचणी पाच आठवड्यांनी पुन्हा दिली तर निम्म्याच्या आसपास लोकांचं एखादं तरी अक्षर बदलतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख असा माणूस नसतोच, हे खुद्द युंगने सांगून ठेवलं होतं.

ताई : आकडे तेवढे हलत नाहीत, आत्या. अक्षर बदलतं ते रेघेजवळच्यांचं.

आत्या : मग आकडे ठेवा आणि रेघ पुसून टाका.

ताई : तशी चाचणी आहे ना, बिग फाइव्ह. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे अठरा हजारांच्या आसपास शब्द वेचून काढले. त्यांची छाननी पुढे अनेकांनी केली आणि पाच मोठे गट निघाले. नव्याची ओढ, कामातली शिस्त, बहिर्मुखता, सलोख्याने वागणं आणि चिंता-चिडचिडीकडे कल. संशोधन करणारे बहुतेक हीच मांडणी वापरतात. पण ती जोडप्यासमोर ठेवून बघ. 'सलोखा कमी, चिंता जास्त' असं नवऱ्यासमोर ऐकलेली बाई त्या दिवशी पुढे तोंड उघडत नाही. सोळा प्रकारांत कुणीच कमी ठरत नाही आणि इझाबेल मायर्सने ते जाणूनबुजून तसं केलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या अबोल माणसाला घरात आजवर काय म्हटलेलं असतं? घुमा, तुसडा, माणूसघाणा. पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो, म्हणून सासुरवाडीची नाराजी. त्याला पहिल्यांदाच कुणीतरी सांगतं की चार तास माणसांत बसून तू थकतोस, यात कुणाचा अपमान नाही. तो खुर्चीत सरळ होऊन बसतो. मी पाहिलंय ते.

आत्या : त्याला बरं वाटलं, चांगलंच झालं. पण बरं वाटलं म्हणून ते खरं ठरत नाही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोररने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि प्रत्येकाला 'हे तुझं वर्णन' म्हणून एक उतारा दिला. पाचपैकी किती गुण द्याल, विचारलं. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना उतारा एकच होता आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या एका बाजारू पुस्तकातून उचललेली. मी हा प्रयोग वर्गात करायचे. मुलं दर वेळी माना डोलवायची.

ताई : म्हणूनच मी वर्णनं वाचून दाखवत नाही, प्रश्न वाचते. एक सांगते, माणसं ओळखू येणार नाहीत अशा बेताने. लग्नाला बारा वर्षं झालेलं जोडपं. प्रश्न होता, ठरलेला बेत ऐन वेळी बदलला तर कसं वाटतं. नवऱ्याने 'मजा येते'वर खूण केली, बायकोने 'त्रास होतो'वर. मी म्हटलं, अलीकडचा एखादा प्रसंग सांगा. तो म्हणाला, प्रसंग कसला, हिला माणसंच नको असतात, मित्र घरी आले की हिचं तोंड उतरतं. त्यावर ती बोलायला लागली. शनिवारी रात्री साडेआठला ह्याचा फोन येतो, चौघं जेवायला येतायत. माझी घरच्यांपुरती कणीक मळून झालेली असते, भाजी फोडणीला पडलेली असते. मी पुन्हा परातीत पीठ घेते. कांदे पुरणार नाहीत म्हणून मुलाला खाली पिटाळते. बाहेर गप्पा रंगलेल्या असतात, आणि पोळ्या गरम हव्यात म्हणून मी जेवायला बसते तेव्हा सगळे हात धुवून उठलेले असतात. तुझे मित्र मला आवडतात रे, मला त्यांच्याशी बोलायलाच मिळत नाही. बारा वर्षांत हे तिने पहिल्यांदा सांगितलं आणि त्याने पहिल्यांदा ऐकलं. त्या कागदाशिवाय झालं असतं हे?

आत्या : नसतं झालं, मानलं. पण शेवटी दोघांच्या कागदावर छापून काय आलं?

ताई : तो उत्स्फूर्त, ती नियोजनप्रिय.

आत्या : आणि कणीक मळायचं काम कुणाचं, हा प्रश्न चाचणीत कुठे होता? जिच्या हातात परात आहे तिला बेत बदललेला जड जाणारच. ज्याला नुसता फोन करायचाय त्याला उत्स्फूर्त राहणं परवडतं. कामाच्या वाटणीला तुम्ही स्वभाव म्हटलंत, ताई. ती माहेरी कशी होती?

ताई : ते तिने सांगितलं होतं. कॉलेजात असताना संध्याकाळी मनात आलं की रात्रीच्या एसटीने मैत्रिणीच्या गावी, कोकणात, पिशवीत दोन कपडे टाकून.

आत्या : मग तो स्वभाव गेला कुठे?

इथे मी पूर्णपणे आत्याच्या बाजूचा आहे. स्वभाव म्हणून आपण जे बघतो, त्यातला मोठा हिस्सा त्या माणसाच्या अंगावर पडलेल्या कामाचा, त्याच्या घरातल्या स्थानाचा, खिशातल्या पैशाचा असतो. सून अबोल असते ती अंतर्मुख म्हणून, की तिच्या बोलण्याला त्या घरात किंमत नाही म्हणून, हे चार अक्षरं सांगू शकत नाहीत. १९६८ साली वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की स्वभावाच्या मोजमापावरून एखाद्या विशिष्ट प्रसंगातल्या वागण्याचा अंदाज फार तोकडा येतो; सहसंबंध ०.३०च्या पुढे क्वचितच जातो. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला. पुष्कळ प्रसंगांची सरासरी घेतली तर स्वभाव स्पष्ट दिसतो, हेही त्या वादातूनच पुढे आलं. म्हणजे स्वभाव हा भ्रम नाही. पण शनिवारच्या त्या एका रात्रीचं उत्तर स्वभावात शोधायला गेलं की बाईचा राग पुन्हा नक्षत्राच्या खात्यात जमा होतो. आत्याच्या आईने नेमकं तेच केलं होतं.

ताईने हे ऐकून घेतलं, पण आपली बाजू सोडली नाही.

ताई : त्या जोडप्यानंतर मी प्रत्येक प्रश्न तीन ठिकाणांसाठी विचारायला लागले. घरी कसं, कामावर कसं, आईवडिलांकडे कसं. तिन्हीकडे उत्तर एकच आलं तर त्याला स्वभाव म्हणायला मी धजते. उत्तर बदललं तर मग त्या जागेबद्दल बोलायचं. पण आत्या, प्रकार पाडूच नयेत असं म्हणू नकोस. आपल्याकडे चरकानेही पाडलेत. शारीरस्थानात मनाच्या प्रकृती दिल्यात, सात सात्त्विक, सहा राजस, तीन तामस. योगायोगाने त्याही सोळाच.

आत्या : आणि त्या सांगून झाल्यावर, भेद खरं तर अगणित आहेत, हे त्यांतले थोडे सांगितले, असंही चरकाने तिथेच म्हटलंय. रोग्याला तपासायचं ते दहा अंगांनी, त्यात प्रकृती हे दहांतलं एक. वय बघायचं, बळ बघायचं, खाणं किती पचतं ते बघायचं, सवयीने काय मानवतं ते बघायचं. नुसती प्रकृती विचारून वैद्य उठत नाही. तुमच्या चाचणीत उरलेली नऊ कुठे आहेत?

ताई : ती घेणाऱ्याने आणायची असतात. म्हणून चाचणी नुसती मोबाइलवर देऊन उपयोग नाही, समोर शिकलेलं माणूस लागतं. नोकरीवर घ्यायला ही चाचणी वापरू नये, असं ती विकणारी कंपनी स्वतः सांगते. तरी 'तू अंतर्मुख, तुला ग्राहकांसमोर पाठवायला नको' असं म्हणून पोरांना मागे ठेवणारे वरिष्ठ मला भेटतात. मी त्यांच्याशी भांडते.

आत्या : मग लग्नाच्या बाबतीत तरी सांग, सारख्या स्वभावाची जोडपी जास्त सुखी असतात का?

ताई : नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतल्या हजारो जोडप्यांच्या माहितीवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहजीवनातल्या समाधानात जो कमी-जास्तपणा दिसतो, त्यात स्वभाव सारखे असण्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाला. प्रत्येकाच्या स्वतःच्या स्वभावाचा वाटा त्याहून कितीतरी मोठा. आपण किती चिंता करतो, किती चिडतो, समोरच्याशी किती मायेने वागतो, यावरून जास्त कळतं. म्हणून तर मी जुळवत नाही म्हटलं. ज्याने त्याने आपल्या आत बघायचं.

आत्या : आत बघून सगळं दिसतं का?

ताई : सगळं नाही. सिमिन वझिरे यांनी २०१० मध्येच हे तपासलं. मनातली धाकधूक आपली आपल्याला जास्त कळते, पण हुशारी, कल्पकता अशा गोष्टी, ज्यांत आपल्याला स्वतःला चांगलं म्हणायचा मोह होतो, त्या जवळच्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त कळतात. म्हणून मी दोन कागद देते. एक स्वतःबद्दल भरायचा, एक जोडीदाराबद्दल.

हे दोन कागद मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामाची गोष्ट वाटतात. माणूस स्वतःबद्दल वाचून खूश होतो आणि तिथेच थांबतो. दुसऱ्याने आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचताना मात्र प्रश्न विचारावाच लागतो : तुला असं का वाटलं? आपल्या घरांतून हा प्रश्न फारच कमी विचारला जातो, आणि विचारला तर भांडणाच्या सुरात. शांतपणे विचारायला कागदाचा आधार लागत असेल तर तो घ्यावा, त्यात काहीच वाईट नाही.

आत्या : अजून एक. ज्या घरात धाक आहे तिथे हे दोन कागद काय करतात? मारणाऱ्या नवऱ्याबद्दल बायको काय लिहील?

ताई : खोटं लिहील. किंवा 'तो फार स्पष्टवक्ता आहे' असं लिहील. पहिल्या काही मिनिटांत ओळखू येतं ते. बाई उत्तर लिहिण्याआधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघते. तिथे मी चाचणी बंद करते, कागद परत घेते आणि तिला एकटीला समुपदेशकाकडे पोचवते. तिथे स्वभावाची भाषा वापरणं म्हणजे मारहाणीला नाव देऊन झाकणं. यावर तुझं-माझं दुमत नाही.

आत्या : नाही. मग या दोघांना काय देणार आहेस?

ताई : वीस-पंचवीस प्रश्न. स्वतःबद्दल आणि एकमेकांबद्दल. चार-पाच भेटींत एकमेकांबद्दल फार ठाऊक नसतं, म्हणून तिसरा कागद दोघांच्या भावंडांकडे. उत्तरं जिथे फुटतील तिथे थांबून बोलायचं.

आत्या : त्यात माझे चार घाल. पगार कुणाच्या खात्यात राहणार. कुणाचे आईवडील आजारी पडले तर रजा कोण काढणार. ऐन वेळी पाहुणे आले तर कणीक कोण मळणार. आणि त्याला राग आला की घरातली बाकीची माणसं काय करतात. तो काय करतो हे नको, बाकीचे काय करतात ते विचार.

ताई : शेवटचा फार चांगला आहे. घालते. अक्षरं मात्र मी काढून देणार. त्यांना ती हवीच असतात. मी दिली नाहीत तर रात्री फुकटच्या एखाद्या चाचणीवर काढतील आणि त्याबरोबर समजावून सांगायला कुणी नसेल.

आत्या : दे, पण वर तारीख घाल. वाढत्या वयात माणसं बहुधा जास्त शिस्तीची आणि जास्त सांभाळून घेणारी होत जातात, हे तुमच्याच लोकांनी मोजलंय. तिशीतला कागद पन्नाशीत तोंडावर फेकायचा नाही. आणि तो मोठ्यांच्या हाती पडू देऊ नकोस. उद्या तिने काही म्हटलं की घरात सुरू होईल, अक्षरंच तशी तिची.

तारखेचं ताईने मान्य केलं. मोठ्यांना दाखवायचं की नाही, हे त्या दोघांनी ठरवावं, आपण लपवायला सांगणं बरं दिसत नाही, असं तिचं मत. आत्याला ते पटलेलं नाही. नवी सून घरात येते तेव्हा तिच्याबद्दलचा कुठलाही कागद तिच्या आधी घरात पोचलेला नसावा, असं ती म्हणते आणि त्यावर ती अजून ठाम आहे. रविवारी दोघं ताईकडे येतील तेव्हा आत्याही तिथे असणार आहे. आत्याचे चारही प्रश्न ताईने यादीत घेतलेत, शेवटचा सर्वांत वर.